स्पेनची मॅच आणि परळीतलं एक कात्रण

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. १६ तारीख, रविवार. मी फोनवर मॅच बघत बसलो होतो. बायको ताट घेऊन आली, स्क्रीनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "अहो, हे काय लावलंय? कोण खेळायलंय?"

"जॉर्जिया आणि स्पेन. रग्बी."

"त्यात आपलं कोण?"

मी म्हटलं, "स्पेन."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ताट ठेवून निघून गेली. परळीत बसून, लोडशेडिंगच्या भीतीनं फोन आधीच चार्ज करून, माणूस तिबिलिसीत चाललेली मॅच बघतो आणि 'आपलं स्पेन' म्हणतो, तर बायको दुसरं काय करणार?

स्पेन हरलं. ४६–२८. तरी मला वाईट वाटलं नाही. का नाही वाटलं ते सांगायलाच ही पोस्ट लिहितोय. लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि शेवटी माझी एक चूक कबूल करायची आहे, ती वाचल्याशिवाय उठू नका.

ह्या मॅचची लिंक मला एका मुलीनं पाठवली होती. मूळची आपल्याच तालुक्यातल्या एका तांड्यावरची. आता चाकणला एका कंपनीत कामाला आहे. लिंकखाली दोनच ओळी होत्या. "काका, वेळ असेल तर ही टीम बघा. दोनदा कागदामुळं बाहेर गेली होती. ह्या वर्षी वर्ल्ड कपला पोचली."

ती दुसरी ओळ माझ्यासाठीच होती हे मला लगेच कळलं. त्याचं कारण पुढं येईलच.

आधी ही स्पर्धा काय आहे ते सांगतो, कारण मलाही तोपर्यंत माहीत नव्हतं.

रग्बीचा चेंडू अंड्यासारखा असतो. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवायचा. टेकवला की पाच गुण. मग चेंडू लाथेनं दोन खांबांमधून मारला की आणखी दोन. समोरच्यानं नियम मोडला आणि मिळालेली पेनल्टी खांबांतून गेली तर तीन. समोरचा माणूस तुम्हाला कबड्डीसारखा पाय धरून पाडणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हातानं पास द्यायचा तर तो पुढं देता येत नाही, मागंच द्यायचा. म्हणजे चेंडू मागं जातो आणि टीम पुढं सरकते. आपल्या क्रीडा शिक्षकानं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

युरोपात ह्या खेळाची वरची स्पर्धा आहे सिक्स नेशन्स. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली. पैसा, टीव्ही, भरलेली मैदानं, सगळं तिथं. तिच्या खाली दुसऱ्या फळीची स्पर्धा, रग्बी युरोप चॅम्पियनशिप. जॉर्जिया, रोमानिया, पोर्तुगाल, स्पेन, बेल्जियम, जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड असे आठ देश तिथं.

आता आपल्याला वाटेल की खालच्या स्पर्धेत जो जिंकेल तो वर जाईल आणि वरच्यात जो शेवटचा येईल तो खाली येईल. तसं नाही. वरच्या सहांनी आपलं आपल्यात ठरवलंय. इटलीला २००० साली आत घेतलं आणि दार लावून घेतलं. इटली २०१५ ते २०२२ ह्या काळात त्या स्पर्धेत सलग ३६ मॅच हरली, पण जागा गेली नाही. इकडं जॉर्जियानं २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वेळा दुसऱ्या फळीचं अजिंक्यपद मारलं. २०२२ मध्ये तर त्यांनी आधी बातुमीत इटलीला २८–१९ नं हरवलं आणि नोव्हेंबरात कार्डिफला जाऊन वेल्सला १३–१२ नं हरवलं. दार उघडलं नाही.

जॉर्जियाची सगळी लोकसंख्या ३७ लाखांच्या आसपास. आपला बीड जिल्हा २०११ च्या जनगणनेत साधारण २६ लाख. म्हणजे दीड बीड धरा. तिथं रग्बी एवढी का रुजली? तर त्यांच्याकडं लेलो नावाचा जुना गावखेळ आहे. शुखुती नावाच्या गावात ईस्टरला गावाचे दोन भाग होतात आणि मातीनं भरलेला, सोळा किलोच्या आसपास वजनाचा चेंडू शेकडो माणसं आपापल्या बाजूच्या ओढ्यापलीकडं न्यायला बघतात. जिंकलेली बाजू तो चेंडू नंतर आपल्या एखाद्या गेलेल्या माणसाच्या कबरीवर नेऊन ठेवते. हे वाचलं तेव्हा मला एकदम आपल्या जत्रेतल्या कुस्त्या आठवल्या. जिंकलेला मल्ल नारळ घेऊन सरळ घरी जातो का? आधी देवाला जातो, मग वस्तादाच्या पाया पडतो. गावाचा खेळ गावाच्या माणसांशी बांधलेला असतो. जॉर्जियात रग्बीच्या पाच गुणांच्या त्या टेकवण्यालाही 'लेलो'च म्हणतात.

तर ही झाली दुसरी फळी. टीव्हीवर दिसत नाही, बक्षीस मोठं नाही, वर जायची शिडी नाही. फक्त एक खिडकी उघडी आहे. ह्या स्पर्धेतल्या गुणांवरून वर्ल्ड कपची पात्रता ठरते. त्यामुळं ह्या खालच्या फळीतली मॅच कधीकधी वरच्यापेक्षा जास्त जिवाची असते.

आता स्पेन.

१८ मार्च २०१८, ब्रुसेल्स. स्पेनला बेल्जियमला हरवायचं होतं, की जपानच्या वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं. १९९९ नंतर पहिल्यांदा. हरले तर तिकीट रोमानियाला. आणि त्या मॅचला रेफरी कुठला दिला होता? रोमानियाचा. लाइनवरचे दोघंही रोमानियाचेच. आपल्याकडं तालुक्याच्या कबड्डीलासुद्धा त्या गावचा पंच देत नाहीत. स्पेन १८–१० नं हरलं. शेवटची शिट्टी झाल्यावर त्यांचे खेळाडू रेफरीच्या मागं धावले.

मग चौकशी लागली. आणि कागद उघडले तसं काय निघालं? बेल्जियमनं, रोमानियानं आणि खुद्द स्पेननंही नियमात न बसणारे खेळाडू खेळवले होते. कुणी आधी दुसऱ्या देशाच्या संघाकडून खेळलेला, कुणाची पात्रता तपासलीच नव्हती. तिघांचेही गुण कापले. तिकीट गेलं रशियाला. आणि सगळ्या मॅच हरून तळाला राहिलेली जर्मनी पुढच्या पात्रता फेरीत पोचली! मैदानावर जे झालं त्याचा निकाल ऑफिसात बदलला.

बरं, एकदा झालं. माणूस शिकतो. स्पेननं पुन्हा चार वर्षं घासली. १३ मार्च २०२२, माद्रिद. पोर्तुगालला ३३–२८ नं हरवून २०२३ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. गाणी झाली, पोरं रडली. दीड महिन्यानं, २८ एप्रिलला, निकाल आला की एक खेळाडू अपात्र होता. त्याच्या देशातल्या वास्तव्याचा हिशोब जुळत नव्हता आणि पासपोर्टच्या प्रतीतच घोळ निघाला. ज्या दोन मॅचमध्ये तो खेळला त्यांचे मिळून दहा गुण कापले. अपील फेटाळलं. जागा पुन्हा गेली. ह्या वेळी ती रोमानियाला मिळाली.

विचार करा. संघात तीस-चाळीस पोरं, त्यांची चार वर्षं. आणि एक झेरॉक्स.

ह्याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. स्पेन गेल्यामुळं पोर्तुगालला शेवटच्या पात्रता फेरीत संधी मिळाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुबईत अमेरिकेविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी मारून त्यांनी १६–१६ बरोबरी केली आणि गुणफरकावर वर्ल्ड कपला गेले. तिथं ८ ऑक्टोबर २०२३ ला त्यांनी फिजीला २४–२३ नं हरवलं. वर्ल्ड कपमधला पोर्तुगालचा पहिला विजय. दार जरा किलकिलं झालं की दुसऱ्या फळीतली पोरं काय करतात, ते दिसलं.

आणि २०२५ च्या मोसमात स्पेननं तिसऱ्यांदा तिकीट काढलं. २०२७ चा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलियात आहे, २४ संघांचा. ह्या वेळी कागदही टिकला. म्हणून १६ मार्चची फायनल हरूनही मला वाईट वाटलं नाही. ते आधीच पोचले होते.

आता परळीत येतो.

सात-आठ वर्षं झाली असतील. दुपारची वेळ. एका शाळेचे क्रीडा शिक्षक माझ्याकडं आले. हातात वहीच्या कागदावर लिहिलेली बातमी आणि सोबत खेळाडूंची यादी. म्हणाले, "भाऊ, आपल्या पोरीला राज्य पातळीवर पदक मिळालंय. जरा चांगली लावा."

मी विचारलं, "कशात?"

"रग्बी."

मी म्हटलं, "सर, हे काय असतं? आपल्याकडं कोण खेळतंय हे?"

सरांनी उभ्याउभ्या समजावून सांगितलं. मागं पास द्यायचा, पुढं पळायचं, वगैरे. मी मान डोलावत होतो आणि डोळे फोनवर होते. त्या दिवशी शहरात एका नेत्याचा दौरा होता.

त्या पोरीची परिस्थिती सरांनी सांगितली ती मात्र लक्षात राहिली. आईबाप कोयत्यावर. दिवाळी झाली की उचल घेतलेल्या टोळीबरोबर कारखान्याला जायचं आणि चैत्राच्या आसपास परत. आता गंमत बघा, शालेय स्पर्धांचं वेळापत्रक असं असतं की तालुका-जिल्हा पावसाळ्यात होतो आणि विभाग-राज्य येईपर्यंत गाड्या भरायची वेळ होते. म्हणजे पोरगी जिंकत गेली की नेमकी मोठी मॅच येते तेव्हा घर कुलूपबंद. ह्या पोरीला आजीनं ठेवून घेतलं. शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवायची सोय झाली. बाप म्हणाला होता म्हणे, "एक कोयता कमी पडंल, पडू द्या." घरात हाताखाली मोठी पोरगी असणं म्हणजे काय, ते ऊसतोडीतल्या माणसालाच कळतं. त्यानं ती सोडली होती, तेही कधी नाव न ऐकलेल्या खेळासाठी.

एवढं सगळं ऐकून मी काय केलं? 'थोडक्यात' मध्ये चार ओळी लावल्या. वर आपली अक्कल म्हणून 'रग्बी (कबड्डीचा एक प्रकार)' असं लिहिलं. आणि मुलीचं पूर्ण नाव यादीतून उतरवून घेतलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला होता. "भाऊ, यादीत तिच्या वडलांचं नाव चुकलंय. 'ला'च्या जागी 'का' पडलाय. तेवढं नीट करा." मी म्हटलं, "हो हो, करतो." पान लागायची घाई होती. राहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा सांगितलं, तर मी म्हटलं, "उद्या दुरुस्ती टाकू." तो उद्या आला नाही. खरं सांगतो, वडलांच्या नावातलं एक अक्षर हा विषय आहे असं मला वाटलंच नाही.

सरांनी ते कात्रण लॅमिनेट करून पोरीला दिलं. ती चूक तशीच ठेवून. कौतुक तर होतंच ना.

चार वर्षांनी ती पोरगी माझ्यासमोर आली. सरकारी भरती निघाली होती. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण नुसतं प्रमाणपत्र चालत नाही. ते क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. मध्यंतरी ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचं मोठं प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून तपासणी अजून काटेकोर झाली. व्हायलाच पाहिजे. खोटी प्रमाणपत्रं घेऊन नोकरीला लागलेल्यांनी खऱ्या खेळाडूंच्या पाटावरचं जेवण पळवलं.

पण हिची अडचण वेगळी होती. हिचं पदक खरं, खेळ खरा, घाम खरा. प्रमाणपत्रावर बापाचं नाव चुकलेलं. तीच यादी, तेच 'का'. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि खेळाच्या प्रमाणपत्रावर दुसरं.

ज्या कार्यालयात ती गेली तिथल्या बाबूनं विचारलं, दुसरा काही पुरावा आहे का, की ही तूच? तिनं मोठ्या विश्वासानं आमचं लॅमिनेट केलेलं कात्रण काढून दिलं. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, "पेपरमधी पण हेच नाव हाय की. मंग चूक कुणाची?"

हे मला तिनंच सांगितलं. आवाज न चढवता. "काका, तुम्ही तेवढं एक पत्र द्याल का, की छापताना चुकलं होतं?"

दिलं मी पत्र. त्याला काही किंमत नव्हती, तिलाही माहीत होतं आणि मलाही. मग शाळेचं जनरल रजिस्टर, मुख्याध्यापकांचं पत्र, शंभर रुपयांच्या बाँडवर प्रतिज्ञापत्र, जिल्ह्याला चकरा. प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडत होती. दुरुस्ती झाली. होईपर्यंत अर्जाची शेवटची तारीख गेली होती.

तिनं त्या भरतीत साधा अर्ज केला. कोट्याशिवाय. थोडक्यात राहिली.

आता कुणी म्हणेल, एका अक्षरानं काय होतं, पुढच्या भरतीत मिळेल. घरी दोन भावंडं शिकायला असली की पुढची भरती लांब असते. ती चाकणला गेली. बारा तासांची ड्युटी. सुट्टीच्या दिवशी तिकडच्या एका मैदानावर पोरींना चेंडू धरायला शिकवते, फुकट. आणि रात्री फोनवर युरोपच्या दुसऱ्या फळीच्या मॅच बघते. तिथूनच तिला स्पेन सापडलं.

माझ्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती लिंक पाठवते.

मला आणखी एक तारीख सांगायची आहे. २२ जून २०१९. त्या दिवशी काय झालं विचारलं तर क्रिकेटवाले लगेच सांगतील, साउदॅम्प्टनला वर्ल्ड कपमध्ये शमीनं हॅट्ट्रिक घेतली आणि भारतानं अफगाणिस्तानला ११ धावांनी हरवलं. बरोबर. आम्ही पानभर लावलं होतं.

त्याच दिवशी फिलिपिन्समध्ये भारताच्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीत पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला. आशियाई अजिंक्यपदाच्या डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे आशियाच्या दुसऱ्या फळीत, सिंगापूरला २१–१९ नं हरवलं. आदल्या वर्षी, २०१८ ला, ह्या मुली पहिल्यांदाच पंधराच्या मैदानात उतरल्या होत्या आणि ह्याच सिंगापूरकडून हरल्या होत्या. कॅप्टन होती वाहबीझ भरुचा, आपल्या पुण्याची, व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारून मॅच काढली ती ओडिशाच्या सुमित्रा नायकनं. बिहारची स्वीटी कुमारी त्याच संघात होती. पुणं, ओडिशा, बिहार.

आमच्या पानावर एक ओळ नव्हती. मी त्या रात्री ड्युटीवर होतो. बातमी आली होती की नाही हेही मला आठवत नाही, म्हणजे आली असली तरी मी बघितली नसणार.

आपण म्हणतो, ह्या खेळाला कोण विचारतं. अहो, ह्या खेळाचं एक सगळ्यात जुनं आणि मानाचं चषक भारतातल्या रुपयांचं आहे. कलकत्त्याचा इंग्रजांचा फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये वितळवून कप केला. तो कलकत्ता कप. १८७९ पासून आजतागायत इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात. रुपये आपल्याकडचे, खेळ त्यांचा. आता कुठं चित्र जरा पलटायला लागलंय. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालच्यांची आशियाई सेव्हन्स स्पर्धा बिहारमधल्या राजगीरला झाली आणि आपल्या मुलींनी कांस्य घेतलं. राजगीर! बिहारला आपण कायम मागास म्हणून हिणवतो. तिथं आशियाचे संघ येऊन खेळून गेले.

आपल्या जिल्ह्यात पोरं नाहीत का? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बर्मिंगहॅमला केनियावाल्यांच्या बरोबरीनं पळून रौप्य घेऊन आला. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुलमध्ये कुस्तीचं सुवर्ण मारलं. बीडचा सचिन धस २०२४ ला अंडर-१९ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ९६ मारतो. मग आम्ही पत्रकार गाडी करून त्यांच्या घरी जातो, आईवडलांचा फोटो काढतो, 'जिद्दीची कहाणी' लिहितो. पण त्याच्या आधीची सगळी वर्षं ही पोरं दुसऱ्या फळीत असतात, कुणी तिसऱ्या फळीत. तेव्हा त्यांची बातमी चार ओळींची आणि नाव चुकीचं.

आणि बहुतेक जण तिथंच राहतात. त्यात वाईट काही नाही. सगळे साबळे होणार नाहीत. पण तिथं राहिलेल्यालाही त्याच्या घामाचा कागद नीट मिळायला पाहिजे ना?

जॉर्जियाचं दार बंद आहे, ते दुसऱ्यांनी लावलंय. आपण काय करणार? स्पेनचं दार त्यांच्याच लोकांनी कागद न तपासल्यानं लागलं. आपल्या पोरांची दारं बहुतेक ह्या दुसऱ्या प्रकारानं लागतात. कुणी दुष्टपणानं लावत नाही. शिक्षक घाईत असतो, यादी करणारा घाईत असतो, छापणारा घाईत असतो आणि पत्रकाराच्या शहरात नेत्याचा दौरा असतो. चौघांपैकी एकानं जरी थांबून नाव वाचलं असतं तर ते अक्षर तिथंच सापडलं असतं. चौथा मी होतो, आणि मला तर फोन करून सांगितलं होतं.

म्हणून चार गोष्टी मागतो. फार मोठ्या नाहीत.

एक. स्पर्धेचं नाव नोंदवताना खेळाडूचं नाव शाळेच्या रजिस्टरवरून जावं, आणि प्रमाणपत्र छापायच्या आधी ते पोराला किंवा पालकाला एकदा दाखवावं. फोनवर फोटो पाठवायला काय लागतं?

दोन. चूक निघालीच तर ती दुरुस्त करायची सोय तालुक्याला असावी, मुदतीत आणि चकरा न मारता. बनावट पकडायला कडक व्हा, पण खऱ्याला त्याच चाळणीतून गाळू नका.

तीन. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या खेळाडूंची वेगळी यादी शाळेनं दिवाळीआधी करावी. विभाग-राज्य खेळायचं असेल त्याच्या राहण्या-जेवणाची हमी हंगामी वसतिगृहातून मिळावी. आजी नसलेल्या पोरींनी काय करायचं?

चार. ही मागणी माझी मलाच आणि माझ्या भाऊबंदांना आहे. तालुक्याच्या खेळाची बातमी आली की नाव दोनदा वाचा. खेळ माहीत नसेल तर विचारा. 'कबड्डीचा एक प्रकार' असलं काही लिहू नका. दुरुस्ती टाकतो म्हटलं तर टाका.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. मी विचारलं, तुझ्यावर लिहू का? म्हणाली, "लिहा काका, पण नाव नका टाकू." मग जरा थांबून म्हणाली, "टाकलंच तर नीट टाका."

आम्ही दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मला हसू आलं नाही.

नाव टाकत नाही. पण त्या वेळी न टाकलेली दुरुस्ती आज इथं टाकतो. आमच्या पेपरात सात-आठ वर्षांपूर्वी 'थोडक्यात' मध्ये आलेल्या बातमीत खेळाडूच्या वडलांचं नाव चुकीचं छापलं होतं. चूक माझी होती. मला वेळेत सांगितलं गेलं होतं आणि मी दुरुस्त केलं नाही. रग्बी हा कबड्डीचा प्रकार नाही. त्या मुलीची आणि एक कोयता कमी करून तिला खेळायला ठेवणाऱ्या तिच्या बापाची माफी मागतो.

परळी, अंबाजोगाई, धारूर, वडवणी, केज इकडच्या क्रीडा शिक्षकांना विनंती. निकाल आला की मला पाठवा. कुठलाही खेळ असू द्या, कितव्याही फळीचा असू द्या. नाव रजिस्टरवरून उतरवून पाठवा. मी ते वाचीन, तुम्हाला फोन करून परत वाचून दाखवीन आणि मगच लावीन.